साहेब बसा म्हणाले, तर बसा

"दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात," डॉक्टर म्हणाले. "याला क्रॉनिक रीनल फेल्युअर म्हणतात." म्हणजे रक्तातली घाण लघवीवाटे बाहेर न पडता अंगातच साचत जाते. माझे यजमान खाटेवर पडून ऐकत होते. त्यांच्या हातातली बेडी खाटेच्या दांडीला अडकवली होती आणि शेजारी शिपाई बसला होता.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमच्या एकोडी गावात धानाच्या पाण्यावरून मारामारी झाली, तीत एक माणूस मेला. धरून नेलेल्यांत हेही होते. खटला अजून सुरूही झाला नव्हता.

डॉक्टरांनी नागपूरला न्यायला सांगितलं, पण सोबत द्यायला पोलीस मोकळे नव्हते. वकील म्हणाले, आजारपणावर जामीन मागू, न्यायाधीश साहेब स्वतः बघतील तर देतील. मला धीर आला.

तारखेच्या दिवशी यांनी तुरुंगातल्या न्हाव्याकडून दाढी करून घेतली, नीट भांग पाडला. साहेबापुढं जायचं तर माणसासारखं जावं, ही यांची रीत. चेहऱ्यावर सूज होती. दाढी केल्यावर ती सूजच तब्येत सुधारल्यासारखी दिसू लागली.

न्यायाधीश भले होते. "बसा, खुर्ची घ्या," म्हणाले.

"नाई साहेब, उभाच बरा आहो."

पाय थरथरत होते, पण धोतरात कोणाला दिसणार? काही त्रास होतो का, असं साहेबांनी विचारलं. "तुमच्या कृपेनं ठीक आहे," हे म्हणाले. वकिलांनी कपाळाला हात लावला.

अर्ज फेटाळला. आरोपीची प्रकृती बरी दिसते, तुरुंगातले उपचार पुरेसे आहेत, असं साहेबांनी सांगितलं.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "काहून बसले नाई तुम्ही?"

हे माझ्याकडं बघतच राहिले. "सायबासमोर बसाचं असते का?"

मला रडू आलं. रागही आला, पण कोणावर रागवावं तेच कळेना.

पुढच्या अर्जाच्या वेळी यांना स्ट्रेचरवर न्यावं लागलं, तेव्हा जामीन मिळाला. बेडी काढल्यावर शिपायानं यांचं मनगट चोळून दिलं. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. नागपूरला डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळणं, सुरू झालं. "आधी आणायला हवं होतं," एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

तुमच्या घरचं कोणी असं आजारी असताना कोर्टात जाणार असेल, तर आधीच बजावून ठेवा. साहेब बसा म्हणाले, की बसायचं. आमच्या यांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. बोलणं बंद झालं, तरी डॉक्टर फेरीला आले की हे खाटेवरून उठायला बघायचे, आणि मी खांद्यावर हात ठेवून त्यांना निजवायची.