अप्पांच्या पायात तुंबलेलं रक्त

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापुरात डॉक्टरकी शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. तेव्हाच माझ्या वडिलांचा, अप्पांचा पाय चिघळला. कबनूरच्या एका शेडमध्ये ते कापडाचे यंत्रमाग चालवायचे. बारा-बारा तास उभं काम. डाव्या घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम झाली होती आणि तीन महिने मलम लावूनही बुजायचं नाव घेत नव्हती. मालकानं सांगून टाकलं, "पाय बरा करून या, न्हायतर घरीच बसा." घरी बसणं हे अप्पांना मरणाहून वाईट.

रविवारी घरी गेले तर काय बघते! अप्पांनी गुडघ्याखाली शेडमधल्या वाया गेलेल्या सुताचा पीळ करकचून आवळलेला. मागावरची बरीच माणसं तसंच करायची. पोटऱ्या दुखल्या की सूत बांधायचं, म्हणजे पायाला जोर येतो म्हणे. आणि घरी आल्यावर वर गरम विटेचा शेक. माझं डोकंच फिरलं.

"अप्पा, सोडा आधी ते!"

"गप ए! तीस वर्सं बांधतोय. शेकल्यावर बघ कसा लालबुंद होतोय. रक्त खेळतंय की!"

त्याच आठवड्यात मी नेमका हाच धडा घोकून आले होते. लाल होणं वेगळं आणि निळं पडणं वेगळं. शेकलं, पळालं, लाजून गाल तापले, की धमन्या रुंदावतात, ताजं रक्त जास्त येतं, जागा लाल आणि गरम होते. दुसऱ्या तऱ्हेत रक्त येतं, पण परतीची वाट अडते. शिरा फुगतात, वापरलेलं रक्त तिथंच तुंबतं, सूज येते, कातडी काळीनिळी पडते आणि जखमेला पोसणारं रक्त पुरेनासं होतं. अप्पांचा घोटा जांभळासारखा काळा पडला होता. त्यावर सूत आणि शेक, म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडायचा.

पण पुस्तकातलं अप्पांना कोण सांगणार? मी त्या सुतातलाच धागा काढला आणि त्यांच्या बोटाच्या मुळाशी गुंडाळला. बोट फुगलं, निळं पडलं. "हा तुमचा पाय," मी म्हटलं. धागा सोडला तसं बोट लालभडक झालं, गरम झालं. "आणि हे खेळतं रक्त."

अप्पांनी बोट उलटंसुलटं करून बघितलं. मग "आयला!" म्हणाले.

सूत सुटलं, शेक बंद झाला. आमच्या सरांना विचारून मी पावलापासून वर, तुंबलेलं रक्त वर ढकलणारी पट्टी बांधायला शिकवली. पण पाय उंच ठेवायचा म्हटल्यावर गाडं अडलं. आमची एकच खोली, आणि बाजेवर पाय वर केले की ते नेमके देवाच्या फळीकडं.

"देवाला पाय दावू व्हय?" अप्पा भडकले. बाज फिरवावी तर दार उघडेना.

तेवढ्यात अव्वा, म्हणजे माझी आई, स्टोव्हपुढनं म्हणाली, "आवं, लिंग तुमच्या छातीवर हाय. देव गळ्यात घालून फिरणारी माणसं आपण, मग फळीला कशाला भ्यायचं?"

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग हाच आमचा देव. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. पाय वर गेले.

दर रविवारी मी जखम मोजायचे आणि ती आकसलेली दिसली की अव्वा माझ्या हातावर साखर ठेवायची. अडीच महिन्यांत जखम बुजली आणि अप्पा पुन्हा मागावर गेले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले. पाळी संपवून ते आले, बाजेवर आडवे झाले आणि कुणी न सांगता दोन्ही पाय उशीवर टाकले.

"पाय कसा हाय?" मी विचारलं.

"पाय ब्येस हाय," डोळे मिटून ते म्हणाले. "दमलोय गं पोरी."

चहा गाळता गाळता अव्वा थांबली. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘दमलोय’ हा शब्द तिनंही कधी ऐकला नव्हता.