मंगनीच्या दिवशीचा डाव

लोहाऱ्यात कुणी एखादं काम फार लांबवलं, की लोक म्हणायचे, "काय हो, खाजामियाँचा डाव मांडला का काय?" हसायला ठीक होतं. ज्या पोरीचा जन्म त्या डावात अडकला होता, त्या गुलबानोला मात्र त्यात कधी हसू आलं नाही.

झालं होतं ते असं. गुलबानोचे वडील खाजामियाँ आणि त्यांचे दोस्त मुनवरसाहेब, दोघंही निजामाच्या काळात उस्मानाबादच्या कचेरीत उर्दू कारकून. एकाच टेबलाशी लिहायचे आणि दुपारी साहेब जेवायला गेला की त्याच टेबलावर बुद्धिबळ मांडायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, उर्दू दप्तर गेलं आणि मागोमाग दोघांच्या नोकऱ्याही गेल्या. मुनवरसाहेबांनी हैदराबाद गाठलं. खाजामियाँ आपल्या गावी लोहाऱ्याला आले, असलेलं रान बटईनं लावलं आणि लोकांचे अर्ज लिहीत बसले. त्रेपन्न साली मुनवरसाहेब आपल्या शरफुद्दीनसाठी गुलबानोला मागायला आले. मंगनी झाली, सगळ्यांची तोंडं गोड झाली, आणि दोघा दोस्तांनी पट मांडला. डाव ऐन रंगात आला आणि मोटारीची वेळ झाली. मुनवरसाहेब उठता उठता म्हणाले, "राहिलेला डाव कार्डावर खेळू. डाव पुरा झाला, की बारात घेऊन येतो. जबान दिली!"

निघताना माणूस बोलण्याच्या भरात काय वाटेल ते बोलतो. दुसऱ्या दिवशी ते विसरून जावं, सगळं जग तसंच करतं. पण हे दोघे कचेरीची अदब कोळून प्यालेले. त्यांच्या लेखी बोललेला शब्द म्हणजे शिक्का मारलेला हुकूम.

पटावरच्या घरांना आकडे दिले होते. हैदराबादहून कार्ड यायचं: सलाम, घोडा अमक्या घरातून तमक्या घरात, बाकी खैरियत. इकडूनही तसंच जायचं. सुरुवातीला कार्ड आलं की गुलबानो दाराआडून ऐकायची आणि एक खेळी कमी झाली म्हणून मनात हरखून जायची. सतरा वर्षांची होती. शरफूला तिनं पडद्याच्या फटीतून एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. तेवढ्या पाठीवर तिनं अख्खा संसार मांडला होता.

मग कार्डं उशिरा यायला लागली. महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचे चार. तिकडं हैदराबाद वेगळ्या राज्यात गेलं, इकडं लोहारा आधी मुंबईत आणि मग महाराष्ट्रात आला. उर्दू अर्ज कुणी घेईना. खाजामियाँच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. आता कार्ड वाचायचं गुलबानोनं, सोंगट्या हलवायच्या गुलबानोनं आणि उत्तरही तिनंच लिहायचं. आळीतल्या पोरींना कुराणाचा सिपारा शिकवायचा, बायकांच्या चोळ्या शिवायच्या आणि उरल्या वेळात आपल्याच लग्नाच्या आड आलेला डाव पुढं रेटायचा, असं तिचं आयुष्य झालं. खेळ मात्र ती पक्का शिकली.

बेंबळीहून एक स्थळ सांगून आलेलं होतं. शाळामास्तर, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत. तो स्वतः ओसरीवर बसून बोलला. खाजामियाँ ताठ होऊन म्हणाले, "आमची पोरगी दिलेली आहे. डाव चालू आहे." मास्तर चहा अर्धा टाकून गेला. गुलबानोला त्या रात्री पहिल्यांदा बापाचा राग आला, आणि तो राग आल्याची शरमही वाटली.

चौसष्ट साली डाव म्हणण्यासारखं पटावर काही उरलं नव्हतं. मुनवरसाहेबांकडं राजा आणि एक अडलेलं प्यादं. खाजामियाँकडं वजीर, हत्ती, तीन प्यादी. पण खाजामियाँना मात द्यायची होती ती प्याद्यानंच. वजिरानं काय, कुणीही मारतो; खरी शान प्यादेमातीची. शिवाय समोरचं ते एकुलतं प्यादं मारलं तर नुसता राजा उरणार, बुर्जी होणार आणि डाव बरोबरीत जाणार. म्हणून हा गृहस्थ दुश्मनाच्या प्याद्याची स्वतः राखण करत होता! राजा या घरातून त्या घरात पळायचा, खाजामियाँ प्यादं पुढं न्यायचे, तो निसटायचा, हे पुन्हा त्याला घेरायला लागायचे. वर्ष-दीड वर्ष हेच.

गुलबानोला मात स्वच्छ दिसत होती. वजीर सरळ दोन घरं आणला की खलास.

त्या दिवशी अब्बांनी सांगितलं, "लिही, प्यादं एक घर पुढं." तिनं लिहिलं, वजीर दोन घरं पुढं, शह आणि मात. पटावरही अब्बांच्या अंधुक डोळ्यांसमोर वजीरच सरकवला. बारात येऊ दे, नाहीतर नकार येऊ दे. काहीतरी एक होऊन जाऊ दे. अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं याहून जास्त काय मागावं?

या खेपेला उत्तर चार महिन्यांनी नव्हे, आठवड्यात आलं. अब्बा ओसरीवर पट घेऊन बसले होते. तिनं कार्ड हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, कारण न वाचून सांगणार काय?

"खाजामियाँ, सलाम. आलेली खेळी तुमची नाही. तुम्हाला मी ओळखतो. वजिरानं मात देणं तुमच्या शानीला शोभत नाही. नजरचुकीनं लिहिलं गेलं असेल. मी ती खेळी धरलेली नाही. सवडीनं विचार करून दुसरी कळवा. घाई नाही."

गुलबानोनं ते शेवटचे दोन शब्द पुन्हा मनात वाचले. हरलेला माणूस मात कबूल न करता खेळीच परत पाठवतो, म्हणजे त्याला डाव संपवायचाच नाही.

"वजीर तू लिहिलास?" अब्बांनी विचारलं.

"व्हय."

 ते खालच्या आवाजात म्हणाले, "शरफूचं लग्न झालंय, बेटा. लई दिस झाले. तुळजापूरच्या बाजारात हैदराबादचा एक माणूस भेटला होता. लेकरं हायत त्याला."

"मुनवरसाहेबांनी कळवलं न्हाय?"

"कसं कळवंल? जबान दिली होती. त्याला सांगायची शरम, मला ऐकायची. डाव चालू हाय तवर तू मंगनीची पोर हायस. संपला की सोडलेली."

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांची अब्रू किती नाजूक हातानं जपली! आणि ती जपताना एक जितीजागती पोर त्यांच्या हाताखाली चिरडली, हे दोघांनाही ठाऊक होतं. असल्या अदबीला आग लागो.

गुलबानो रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "बेंबळीचे मास्तर आले, तवा तुमाला ठावं होतं?"

 न दिसणाऱ्या डोळ्यांनी खाजामियाँ पटावर बोटं फिरवत राहिले.

तेवढ्यात आतून तिची अम्मी, रजियाबी, पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात आली. तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. "आलं का कार्ड? काय म्हनत्यात मुनवरभाई? संपत आला का न्हाय डाव?"

गुलबानोनं अब्बांकडं पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती.

"चालू हाय, अम्मी," ती म्हणाली. "आपलीच बाजू वर हाय."

"अल्लाचं शुकर," असं म्हणून रजियाबी भाकरी टाकायला आत गेली. गुलबानोनं वजीर दोन घरं मागं नेऊन ठेवला, कोरं कार्ड मांडीवर घेतलं आणि अब्बांना विचारलं, "कुठलं प्यादं लिहू?"