पाण्यात आधी माणूस

सकाळी सव्वासहाला पूर्वाचा फोन आला. पूर्वा ही माझा मित्र किशोर याची मुलगी. "काका, बाबा उठूनच नाई राह्यले," एवढंच ती म्हणाली, आणि मी तिला विचारलं, "कुठी पडला?" बाप उठत नाही असं मुलगी सांगते आहे आणि मी विचारतो आहे कुठं पडला... ती म्हणाली, "पडले नाई काका. घरीच आहेत. पलंगावर." त्यावर मला जे वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण ते गाळलं तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. मला हायसं वाटलं. तीस वर्षांचा मित्र गेला होता आणि मी पांघरूण बाजूला सारताना मनात म्हणत होतो, गाडीवरून नाही ना गेला, मग माझ्यावर येत नाही. नंतर त्यांच्या घरी पोचेपर्यंत रस्ताभर रडलो, ते खरंच. पण आधी हायसं वाटलं, हेही तितकंच खरं.

किशोर देवळीच्या शाळेत गणित शिकवायचा आणि मी वर्ध्याला पाटबंधारे खात्यात कारकून. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. चाळिशीत डॉक्टरांनी त्याला साखर निघाली म्हणून सकाळी चालायला सांगितलं, तर या गृहस्थानं गिअरची सायकल आणली, आणि आठवड्याभरात मलाही एक घ्यायला लावली. "एकट्यानं घाम गाळाले मजा नाई, बाबू," तो म्हणाला. मी कारकून म्हणून त्याच्या तोंडी कायम 'बाबू'च होतो. पहिल्यांदा सेवाग्रामपर्यंत जाऊन आलो तेव्हा मी दोन दिवस खुर्चीत नीट बसू शकलो नव्हतो. वर्षभरात आम्ही जामपर्यंत पोचलो. त्या रस्त्यावर मागून ट्रक आला की आधी कानाशी वारा लागतो, मग हँडल आपोआप थरथरतं, आणि तो पुढं निघून गेल्यावर लक्षात येतं की आपण श्वास धरून होतो. मी दर ट्रकला देवाचं नाव घ्यायचो. किशोर मला कायम आतल्या बाजूनं चालवायचा आणि स्वतः ट्रकांच्या बाजूनं. "माह्या आंगावर चरबी आहे, धक्का सोसते," हे त्याचं कारण. जामच्या चौफुलीवर चहा पिताना तो हसत असायचा आणि माझा कप बशीवर वाजत असायचा. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तसं भिऊन जाऊन आल्यावर सोमवारी ऑफिसात फाइल उघडताना मला जे बरं वाटायचं, तसं आयुष्यात दुसऱ्या कशानंच वाटलं नाही.

मग त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. उंच सायलेन्सरची, खरबरीत टायरांची. डांबरी रस्त्यावर तिचा जीव रमत नाही असं तो म्हणायचा. रमत नव्हता त्याचाच. पाठोपाठ मीही तसलीच घेतली आणि आम्ही पाच जण झालो. नाचणगावचा गजानन, वांगी-टमाटर पिकवणारा शेतकरी, त्याच्या घरापुढून सगळ्या पांदणी, म्हणजे शेतांमधल्या वाटा, निघत, म्हणून तो आमचा वाटाड्या. बाकी दोघे किशोरच्या शाळेतले सहकारी. रविवारी उजाडताच वर्ध्याहून निघायचं, नाचणगावला गजाननला घ्यायचं, आणि तुरीच्या, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटांवर गाड्या घालायच्या. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की चाकच फिरायचं थांबतं, म्हणून सगळ्यांनी पुढचं मडगार्ड काढून टाकलेलं; घरी आल्यावर तोंडावर चिखलाचे शिंतोडे पाहून माझी बायको मला आधी अंगणातच उभं करायची. पडणं तर नेमाचंच. पडलेल्याला तो स्वतः हसेपर्यंत कोणी हसायचं नाही, हा किशोरचा नियम. मी पडलो की उठायला आणि हसायला इतका वेळ लावायचो की बाकीचे तोंड दाबून उभे असत. नंतर पुलगावच्या टपरीवर चिखलाच्या हातांनी तर्री-पोहे खायचे... त्या पोह्यांच्या वाफेत आम्ही पन्नाशीचे लोक शाळकरी पोरांसारखे एकमेकांच्या पडण्याच्या नकला करायचो.

त्याचा दुसरा नियम पाण्याचा होता आणि त्यात मस्करी नव्हती. आमच्याकडे नाल्यावर रपटे असतात, म्हणजे ठेंगणे सिमेंटचे पूल. पावसाळ्यात पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि खालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून दिसत नाही. तर पाण्यात गाडी घालायच्या आधी एकानं पायी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन यायचं. पाळीपाळीनं. परत येऊन त्यानं 'चला' म्हटलं तर सगळ्यांनी जायचं, सर्वांत आधी किशोरनं. 'नाही' म्हटलं तर दुसऱ्या कुणी जाऊन पाहायचं नाही, वाद घालायचा नाही, गाड्या वळवायच्या. "नाई तर प्रत्येक जण आपली मर्दानगी तपासत बसन," तो म्हणायचा. मला वाहत्या पाण्याचं लहानपणापासून भय. कारण विचाराल तर काही नाही. बुडालो नाही, कुणाला बुडताना पाहिलं नाही. "पाटबंधाऱ्याचा बाबू अन् घोटाभर पाण्याले भेते, पाहा," असं तो चिडवायचा, पण माझी पाळी कधी चुकवू द्यायचा नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाचणगावच्या पुढचा एक रपटा, मध्यावर थोडा मोड, म्हणजे वळण, असलेला, आणि दोन्ही बाजूंना बेशरमची झुडपं इतकी माजलेली की मोडापुढचा माणूस काठावरून दिसत नाही. माझी पाळी होती. मोडापर्यंत गेलो. पाणी पोटरीपर्यंत होतं, पण पुढं त्याचा रंग गढूळ झाला होता आणि आवाज बदलला होता. पाय उचलेना. छातीत असं धडधडायला लागलं की मला पाण्याचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मी तिथं झुडपाआड उभा राहिलो. पलीकडे जाऊन यायला जितका वेळ लागला असता, अंदाजानं तितकाच. मग परत आलो आणि म्हणालो, "चला. सरळ आहे."

किशोरनं माझ्याकडे पाहिलं, गाडी सुरू केली आणि गेला. मोडाच्या पुढं दहा पावलांवर फरशीचा तुकडा वाहून गेला होता. आम्हाला फक्त इंजिनचा आवाज बंद झालेला ऐकू आला. गजानन धावला, त्याच्या मागं बाकीचे, सर्वांत शेवटी मी. आणि त्या वेळी मात्र मी मोडाच्या पुढं गेलो, कमरेएवढ्या पाण्यात, कसा ते माहीत नाही. गाडी त्याच्या पायावर होती. डोकं पाण्याच्या वर होतं, एवढंच आमचं नशीब. गजाननच्या भाजीच्या तीनचाकीत त्याला घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. रॉड टाकला. सगळ्यांना तो सांगत राहिला, "माहीच नजर चुकली. चाक कडेले गेलं." मी मान हलवत राहिलो.

चौथ्या दिवशी वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या आणि आम्ही दोघंच होतो. छताकडे बघत तो म्हणाला, "बाबू, तुही पँट पोटरीच्या वर कोरडी होती. मोडापुढं त पाणी मांडीले लागते."

मी त्याच्या चादरीची कड सारखी करायला लागलो.

"मले दिसलं होतं," तो म्हणाला.

"मंग गेला काऊन?"

"सगळे उभे होते ना तिथी. चारचौघात तुले खोटं कसं पाडू?" मग त्यानं संत्र्याची फोड मागितली. मी सोलून दिली. या विषयावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही.

माझी खरी भीती तिथून सुरू झाली. सहा महिन्यांनी तो लंगडत का होईना, परत गाडीवर बसला, आणि पहिल्याच नाल्यापाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबू, जा." माझी पाळी नसतानाही. त्यानंतर दर वेळी मीच. मी जायचो, पलीकडचा काठ हातानं शिवून यायचो, आणि मागं वळलो की तो गाडीवर बसून माझ्याकडे बघत असायचा. ती शिक्षा होती की विश्वास, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. रात्रंदिवस एकच धास्ती असायची: त्या पायामुळं तो गाडीवरून पडेल, नाही तर त्यातून रक्ताची गाठ सरकेल, तो मरेल, आणि माझ्यामुळं मरेल. कुठलीही अवेळची रिंग वाजली की मला आधी किशोरच आठवायचा. म्हणून त्या सकाळी तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच. पायाशी संबंध नाही. मी दोनदा विचारून घेतलं.

हे सगळं गेल्या आठवड्यात, लेख देण्याआधी, मी वहिनींना जाऊन सांगितलं. त्यांना वर्तमानपत्रातून कळणं बरं नव्हतं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून झाल्यावर चहा ठेवते म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत. चहा पूर्वानं आणून दिला. छापायला नको असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून छापतो आहे.

पण मला सांगायचं आहे ते वहिनींना सांगण्याआधीच्या रविवारचं. किशोर जाऊन महिना होत आला होता. गजाननचं म्हणणं पडलं की त्याच्या आवडत्या वाटेनं एकदा सगळ्यांनी जाऊन यावं. आदल्या दिवशी वहिनींचा फोन. "भाऊजी, पूर्वा त्यायची गाडी घेऊन येतो म्हणते. माह्यं ऐकून नाई राह्यली. तुम्ही पाहजा. पाण्यात काका जे सांगन तेच करजो, असं त्यायनं तिले पहिलेच सांगून ठेवलं आहे." मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानं तिला असं सांगावं... सगळं माहीत असून. त्या वाटेवर तोच रपटा होता, आणि चार दिवस पाऊस झाला होता.

पूर्वा चांगली चालवते. बापासारखीच खांदे सैल सोडून, चिखलात घाई न करता. रपट्यापाशी आम्ही थांबलो तेव्हा कुणीच कुणाची पाळी काढली नाही. ती हेल्मेटमधून म्हणाली, "काका, तुम्ही." मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो. फरशी शेवाळलेली होती. बेशरम पुन्हा तशीच माजली होती. मोडापर्यंत पोचलो आणि थांबलो. दरवेळी पाठीवर त्याची नजर असायची, तिच्या जोरावर मी पुढं जायचो, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. त्या दिवशी पाठीमागं फक्त झुडपं होती. मला कुणी बघत नव्हतं. मी एक पाय पुढं टाकला, तो सरकला, हातात आलेली फांदी धरली आणि तशीच धरून राहिलो. मागच्या काठावर पूर्वाचं इंजिन चालू होतं, तो आवाज येत होता. ती काही विचारणार नव्हती. मी जे म्हणेन ते ती करणार होती. किती वेळ थांबून परतलं की पलीकडे जाऊन आल्यासारखं वाटतं, याचा हिशेब मला पाठ होता, आणि खरं सांगतो, तो माझ्या डोक्यात आपोआप सुरूही झाला. पाण्याचं भय त्यापुढं काहीच नव्हतं. मला माझंच भय वाटलं.

मी परत आलो. ती क्लच दाबून, एक पाय जमिनीवर टेकून बसली होती. बाकीचे तिघे मागं. "चला?" ती म्हणाली.

"पूर्वा, मी मोडावरूनच परत आलो," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पुढं मले जाववलं नाई. पुढचं मले माहीत नाई."

गजानन पाण्याकडे बघून पँट वर खोचायला वाकला, मग नियम आठवून तसाच उभा राहिला. पूर्वानं माझ्याकडे बघत किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तेव्हा नाल्याचा आवाज एकदम मोठा वाटला. "मंग वळवा," ती म्हणाली. पांदण अरुंद होती, तिची गाडी वळेना, म्हणून गजानननं हँडल धरलं आणि मी मागून उचलून धरली. आम्ही आल्या वाटेनं गेलो. त्या दिवशी रपट्याचा मोडापुढचा भाग कसा होता, ते मला अजून माहीत नाही.