दुपारी येणारी कुसुममावशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, नाशिकच्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगते, पण मान खाली घालून सांगणार नाही.

आईला कंपवात आहे. बाबा गेल्यावर तिला इथे बेहालाला आणलं. पण कोलकात्यात तिच्याशी मराठीत बोलणार कोण? मी घरूनच काम करते, दिवसभर कानाला हेडफोन. माझ्या मुलीचं मराठी 'आजी, जेवलीस?' इथवरच.

मग गोळ्यांचा डोस वाढला आणि कुसुममावशी यायला लागली. आईची धाकटी बहीण — जाऊन कैक वर्षं झालेली. रोज दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत. आई तिच्याशी बोलायची, हसायची, मला दोन कप चहा करायला लावायची. मी करायचे. काय बिघडत होतं?

डॉक्टरांनी समजावलं होतं — मेंदूतल्या पेशींना रिसेप्टर असतात, दारंच म्हणा. गोळीतून मिळणारं डोपामिन हालचालींच्या दारांशी जातं, तसं नको त्या दारांशीही जातं. मग नसलेली माणसं दिसतात. तसं झालं तर लगेच सांगा, औषध बदलू.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं. आईने मराठीत सरळ सांगितलं, "कुसुम येते की रोज." डॉक्टर बंगाली — त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हिंदीत सांगितलं, आई म्हणतेय दुपारी छान झोप लागते.

झालं. एका वाक्याचं भाषांतर.

थोड्याच दिवसांत मावशी गावाला निघाली म्हणे. तिच्या हातावर दही घालायला आई वाटी घेऊन उठली आणि दारापाशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. सांडलेलं मिष्टी दही मी कुणी यायच्या आत पुसलं. भावाला म्हटलं, फरशी ओली होती. ते हाड माझ्यामुळे मोडलं — त्यात मला घासाघीस करायची नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तेव्हा घाबरून खरं सांगितलं. औषध बदललं. मावशी परत आली नाही.

तुम्हाला वाटेल, मला त्या खोट्याचा पस्तावा आहे. नाही. मला टोचतं ते नंतरचं खरं.

आई आता वॉकर धरून चालते, फारसं बोलत नाही. परवा दुपारी मी दोन कप चहा केला आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"तिथे नको बसूस," आई म्हणाली. "कुसुम आली तर?"

मी उठले.