भुंगा, भुंगेरा आणि वंडु

माझे वडील सौकारपेटेत सोनं गाळायचे. सोनं दुसऱ्याचं, धूर आमचा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागातून गलाईच्या कामाला माणसं देशभर जातात, तसे तेही चेन्नईला आले, गावच्याच एकाच्या भट्टीवर. मालकाला मामा म्हणायचं आणि सुट्टी मागायला लाजायचं, अशी ती नोकरी. भट्टीच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. तेजाबाच्या वाफेने दोरीवरच्या कपड्यांना आपोआप भोकं पडत. आईने दोन-तीनदा तुळस लावली, प्रत्येक वेळी करपली. शेवटी तिने कुंडी पालथी घातली आणि तिच्यावर बसून भाजी निवडायला लागली.

आप्पा खोकत खोकत जेवायचे. त्यांचा खोकला वाढला तेव्हा माझ्या मोठ्या भावाने शाळा सोडली आणि त्यांच्या जागी बसला. मुलीला भट्टीवर बसवत नाहीत, म्हणून मी शिकत राहिले. लोक याला हसतात, पण खरं ते हेच आहे. तमिळ माध्यमाची सरकारी शाळा, मग प्राणिशास्त्राची पदवी. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पुढे संशोधनाला लागले तेव्हा आप्पांनी विचारलं, "कशावर शिकायलीस म्हणायचं आता?"

"मधमाशांवर. जंगली, एकेकट्या राहणाऱ्या."

"मध किती निघतोय?"

"मध नाही साठवत त्या, आप्पा."

"मग त्यांच्या मागं कशाला फिरतीस गं? आपल्यापरीस गरीब दिसत्यात."

माझं काम वांग्यावर होतं. वांग्याच्या फुलातले परागकण उघड्यावर नसतात. मिठाच्या डबीला असावीत तशी टोकाला बारीक भोकं, आणि पराग आत. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. पोळ्यातल्या मधमाशीला हे हलवणं जमत नाही. जमतं ते काळ्या, जाड भुंग्याला; तोही एकेकटी राहणारी मधमाशीच. तो फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि पराग स्वतःच्या पोटावर पाडून घेतो. थोडी फळं वाऱ्यानेही धरतात, पण भुंगा आला तर भरपूर आणि सुडौल. शहराबाहेरच्या शेतात हे दिसतंच. चेन्नईतल्याच पेरुंगुडीच्या इमारतींच्या जंगलात, जिथे खाली फरशी आणि वर काच, तिथे भुंगा राहतो कुठे, हा माझा प्रश्न होता.

उत्तर एका अपार्टमेंटच्या गच्चीवर सापडलं. तिथे वेलांसाठी जुन्या बांबूंचा मांडव होता आणि त्या वाळक्या बांबूंत भुंग्यांनी बिळं केली होती. मांडवाखाली कुंड्यांमध्ये वांगी. शहराच्या बाजूचा माझा सगळा अभ्यास त्या एका मांडवावर उभा होता. दुसऱ्या गच्च्यांवर एक तर वांगी होती, नाही तर भुंगे. दोन्ही एकत्र कुठेच नाहीत.

लोकांनी बिळांत काड्या घालू नयेत म्हणून मी मांडवाला पाटी लावली. मोठ्या अक्षरात, तमिळमध्ये: इथे वंडु राहतात, कृपया हात लावू नये. स्वतःवर खूश होते. शाळेत पाठ केलेल्या तमिळ कवितांमध्ये वंडु फुलांवर गुणगुणत फिरायचा, मध प्यायचा. माझ्या डोक्यात वंडु म्हणजे सरळ आपला भुंगा.

पाटी लावली आणि आठवड्याच्या आत असोसिएशनच्या सेक्रेटरी मामींचा फोन आला. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना मामीच म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीची कॉटन साडी, आणि गच्चीवरची वांगी त्यांचीच.

"एन्नम्मा, काय गं हे, गच्चीवर वंडु झालेत हे तू पाटी लावून सांगतेस, आम्हाला आधी नाही सांगायचं? शनिवारी पेस्ट कंट्रोल बोलावलंय. बिळांत औषध, वर सिमेंट."

मी म्हटलं, "मामी, हे तसले वंडु नाहीत."

"तसले म्हणजे कसले? माझ्या तांदळात होतात ते वंडु. दाराच्या चौकटीत होतात ते वंडु. वंडु तो वंडु!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठीत भुंगा वेगळा आणि भुंगेरा वेगळा. एक फुलावर जातो, दुसरा पीक खातो. तमिळने दोघांना एकच नाव दिलंय, आणि ज्याने तांदूळ निवडलाय त्याला त्या नावाने कविता आठवत नाही, सोंडे आठवतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग भुंगा म्हणूनच लिहायचं हुतंस की. कळलं नसतं तर इचारलं तरी असतं."

माझे मार्गदर्शक म्हणाले, दुसरी जागा बघ. दुसरी जागा नव्हती. त्या बिळांत पुढची पिढी वाढत होती. सिमेंट भरलं की माझा शहराचा भाग तिथेच संपला असता, आणि निम्म्या अभ्यासावर कुणी डॉक्टरेट देत नाही. मी विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागातून एक नादकाटा, आपटला की एका सुरात थरथरणारा पोलादी काटा, मागून आणला आणि शनिवारी सकाळी गच्चीवर गेले.

पेस्ट कंट्रोलवाला पंपात औषध भरत होता. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मामी, थोडा वेळ द्या. तुमचा मोबाईल द्या."

"मोबाईल कशाला?"

"स्क्रीन काळी आहे म्हणून."

मी मोबाईल एका फुलाखाली धरला, नादकाटा चपलेच्या तळव्यावर आपटला आणि फुलाला टेकवला. काहीच पडलं नाही. फूल जुनं होतं, त्यातले पराग कधीच गेलेले. पेस्ट कंट्रोलवाला हसला. "मॅडम, फुलाला ताप आहे का बघताय?"

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच सकाळी उमललेलं ताजं फूल शोधलं आणि पुन्हा काटा टेकवला. गूंऽऽ झालं आणि काळ्या स्क्रीनवर पिवळी पूड सांडली.

"अय्यो," मामी म्हणाल्या. मग चष्मा पुसून, "अजून एकदा."

अजून एकदा केलं. मग काटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः केलं. तेवढ्यात मांडवातून एक भुंगा खाली आला, शेजारच्या फुलाला लटकला आणि त्याचा आवाज एकदम बदलला, उडतानाच्या घुंघुंपेक्षा तीव्र, चढा.

"श्रुती चढवतोय," मामी म्हणाल्या. मैलापूरच्या संगीतसभांमध्ये पुढच्या रांगेत बसणाऱ्या त्या.

"हेच काम करतोय तो, मामी. तुमच्या वांग्यांचं."

"मी समजत होते माझं शेणखत."

"शेणखतही आहे. पण यांना मारलंत तर नुसत्या शेणखताने एवढी वांगी धरणार नाहीत."

मामी एवढ्याने पाघळणाऱ्या नव्हत्या. "आणि पोखरलेला बांबू माझ्या नातवाच्या डोक्यात पडला तर?"

हा प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, खालून लोखंडी पाइप लावा, मांडवाचं वजन पाइप घेतील, बांबू नुसते वर राहू देत. मामींनी मांडवाकडे पाहिलं, मग पंपवाल्याकडे. "स्वयंपाकघरांत झुरळं मारून ये. गच्ची सोड."

त्याच दिवशी मी पाटी बदलली. तच्चन तेनी, म्हणजे सुतार मधमाशी, असं लिहिलं. मग महिनाभर माणसं लिफ्टमध्ये विचारत राहिली, मध कधी काढणार? ते चालतं. मध मागायला येणारा माणूस औषध घेऊन येत नाही.

पाइप लागले. मामींनी जुन्या पातळ साडीच्या पिशव्या शिवून काही फुलांवर बांधल्या, भुंग्याला आत जाता येऊ नये म्हणून. झाकलेल्या फुलांना थोडीच फळं धरली, तीही लहान आणि वाकडी. उघडी फुलं लगडली. असोसिएशनच्या बैठकीत दोन्ही प्रकारची वांगी मामींनी स्वतः टेबलावर मांडली. मला बोलावंच लागलं नाही.

मांडवाचा अभ्यास पुरा झाला. शहरातही घरट्यांसाठी वाळकं लाकूड किंवा थोडी उघडी माती, आणि फुलं राहू दिली तर जंगली मधमाशा टिकतात आणि पीक देतात, हे मी माझ्या प्रबंधात दाखवलं. प्रबंध मान्य झाला. मला डॉक्टरेट मिळाली. पेरुंगुडीच्या त्या गच्चीवर औषध मारायचं नाही असा असोसिएशनचा लेखी ठराव आहे, आणि मांडवात भुंगे आहेत.