हिरवा बिल्ला

शनिवार, ५ जून १९९३. सकाळी दाट धुकं, वारा ईशान्येचा, दहानंतर ऊन. लॉबस्टरच्या होड्या उशिरा निघाल्या. ओनेझीम गोदेला काल पुरलं. त्याच्या घरची भांडी आज परत पोचवली. पक्षाने नवा नेता निवडला. पिकेट जिंकले. मी मत दिलं नाही.

झेली मेलांसोंच्या रोजनिशीत त्या दिवसाबद्दल एवढंच लिहिलेलं होतं, आणि खाली घरातल्या दोनतीन ओळी. आधी हवा, मग घडलेलं, शेवटी घरातलं काहीतरी, हा तिचा क्रम. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लोतिल्दने लावून दिलेला. सिस्टर म्हणायची, वहीत रडायचं नाही, रडायला प्रार्थनागृह आहे. झेलीने बहात्तराव्या वर्षापर्यंत तो नियम पाळला. त्यामुळे ‘मी मत दिलं नाही’ या चार शब्दांमागे काय होतं, ते वहीत सापडायचं नाही.

झेलीच्या घरात पक्ष तिच्याही आधीपासून होता. तिचे वडील सेंट ज्युलियनमधले पक्षाचे माणूस. कुणाला धक्क्यावर काम हवं असलं, कुणाच्या घरासमोरच्या रस्त्यावर खडी पडायला हवी असली की लोक त्यांच्याकडे यायचे. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या काळी नेता निवडायचा म्हणजे राजधानीतल्या हॉटेलात आमदार दार लावून बसत, आणि दार उघडे तेव्हा नाव ठरलेलं असे. बाकीच्यांना तार येई.

तशी एक तार झेलीने वाचली होती. कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली, अकरा वर्षांची. वडील स्वयंपाकघरात बूट काढत बसले होते. तिने नाव वाचलं. वडील म्हणाले, “पुन्हा वाच.” तिने पुन्हा वाचलं. आदल्याच आठवड्यात या माणसाला त्यांनी भर जेवणात लाकूड कंपनीचा कुत्रा म्हटलं होतं. ते बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडवत राहिले. दुसऱ्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, “आपला माणूस आहे. चांगला माणूस आहे.”

झेलीने तेव्हा आईला विचारलं होतं, की बाबांना कुणी विचारलं का नाही? आई म्हणाली, “ज्यांना विचारतात ते वेगळे, कामं करतात ते वेगळे. जा, कोंबड्यांना घालून ये.”

पुढे काळ बदलला. झेलीचं आल्फेशी लग्न झालं, आणि पक्षाने दार उघडून अधिवेशनं भरवायला सुरुवात केली. प्रत्येक मतदारसंघातून दहा प्रतिनिधी जायचे आणि तेच नेता निवडायचे. वर दहा पर्यायी प्रतिनिधी असायचे. प्रतिनिधीला पांढरा बिल्ला, पर्यायीला हिरवा. पांढरे बिल्लेवाले खाली मैदानात बसत, हिरवे वर गॅलरीत. खालचा कुणी आजारी पडला आणि त्याने आपला बिल्ला काढून दिला, तरच वरचा खाली यायचा.

सेंट ज्युलियनचा पांढरा बिल्ला आल्फेचा, हिरवा झेलीचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गावातली मतदारयादी ती पाठ म्हणे, प्रचाराची पत्रकं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत ती लिही, आणि निवडणुकीच्या दिवशी म्हाताऱ्यांना मतदानाला न्यायला गाड्या कुठून कुठे जाणार हे तीच ठरवी. पण अधिवेशन जवळ आलं की ती पर्यायी.

तीन अधिवेशनं तिने गॅलरीतून पाहिली. वरून सगळं नीट दिसतं, हे मात्र खरं. पहिल्या फेरीत हरलेला उमेदवार आपल्या खुर्चीवरून उठतो, क्षणभर थांबतो, आणि कुणाच्या बाजूला चालायला लागतो, हे खालच्यांना गर्दीत कळायच्या आत वर कळे. तो चालला की त्याची माणसंही मागून चालत. काही जण फलक फाडून, काही जण रडत. झेलीने एकदा पाहिलं, की ज्याच्या नावाची टोपी सकाळी आल्फेने डोक्यावर घातली होती, तो माणूस थेट शत्रूच्या कोपऱ्यात जाऊन हात उंचावून उभा राहिला. आल्फेने टोपी काढून खिशात कोंबली आणि तोही तिकडे गेला. वर बसलेल्या झेलीला वडिलांचे बूट आठवले.

दुसऱ्या अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी आल्फेने एका खानावळीत शिंपले खाल्ले आणि रात्रभर तो पोट धरून बसला. सकाळी चेहरा पिठासारखा पांढरा. झेलीने त्याला साधा चहा दिला, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, आणि ती वाट पाहत राहिली. स्टेडियमच्या दारात तिने त्याला सांगितलं, “अहो, तुम्ही बाकावर पडा. मी जाते खाली.” आल्फे म्हणाला, “मी काय मेलोय?” तीन फेऱ्यांत तो तीन वेळा रांगेत उभा राहिला, मधल्या वेळात दोनदा ओकला. त्याची हॅट धरून झेली जिन्यात उभी होती. तो चांगला नवरा होता, ती त्याच्यावर कधी चिडली नाही. पण त्या वर्षानंतर तिच्या घरात शिंपले शिजले नाहीत.

तिसऱ्या वेळी पक्षाने ठरवलं, की दहातला एक पांढरा बिल्ला बाईलाच मिळायला हवा. झेलीने नवा निळा पोशाख शिवून घेतला. बिल्ला डॉक्टरांच्या बायकोला मिळाला. तिने त्याच वसंतात पक्षाचं सभासदत्व घेतलं होतं. निळा पोशाख घालून झेली गॅलरीत बसली.

मग आल्फे गेला. गावातली पक्षाची शाखा नॉर्बेरकडे आली. नॉर्बेर हा तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, झेलीने बाप्तिस्म्याला हातात धरलेला. पहिली पत्रकं वाटायला ती त्याला घेऊन गेली होती. कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठल्या घरी आधी आजीची तब्येत विचारायची आणि मग पक्षाचं बोलायचं, हे त्याला तिनेच शिकवलं. पोराने सगळं उचललं. तो आता पन्नाशीला टेकला होता, पोट सुटलं होतं, पण मावशीकडे आला की अजून झाकण उचलून पातेल्यात बघायचा.

आणि १९९३ साली पक्षाने जाहीर केलं, की आता अधिवेशनातले प्रतिनिधी नाहीत, बिल्ले नाहीत. प्रत्येक सभासदाला एक गुप्त क्रमांक मिळेल. शनिवारी घरबसल्या फोन करायचा, क्रमांक दाबायचा, मत द्यायचं.

झेलीने ते वर्तमानपत्र दोनदा वाचलं. मग नॉर्बेरला बोलावून घेतलं. तिच्या जुन्या काळ्या फोनवर आकडे फिरवावे लागत, त्यावर हे जमणार नव्हतं. नॉर्बेरने बटणांचा फोन आणून बसवला. क्रमांकाचं पाकीट आलं तेही तोच घेऊन आला, तिच्यासमोर फोडलं, आणि बारीक अक्षर तिला दिसणार नाही म्हणून जाड पेनाने पुठ्ठ्यावर क्रमांक मोठा लिहून फोनच्या वर भिंतीला लावला. “आता चष्म्याशिवाय दिसेल, मावशी.” त्या रात्री तिने वहीत लिहिलं, नॉर्बेरला फार धीर आहे.

उमेदवार दोघेच. थेरियो तिच्या माहेरच्या गावचा, मच्छीमारांच्या सोसायटीतून वर आलेला, सभेत गायचा. पिकेट राजधानीतले वकील, त्यांची फ्रेंच ऐकवत नसे. सगळं गाव धरून चाललं होतं, की झेली थेरियोची. झेलीने मात्र दोघांना एकच प्रश्न विचारला होता, की इथलं बाळंतपणाचं हॉस्पिटल बंद होणार का. थेरियोने तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. पिकेट आपल्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाले, “बाई, होईल असं दिसतंय. आधी हिशोब पाहू द्या, मग नक्की सांगतो.” झेली पंधरवडाभर विचार करत होती. वडील, आल्फे, टोप्या, बिल्ले, सगळं आठवून झालं. शेवटी तिने ठरवलं, पिकेट. कुणाला सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा हे ठरवणं तिचं एकटीचं होतं.

शनिवारी सकाळी तिने कपाटातून निळा पोशाख काढला. कंबरेत सैल झाला होता, तिने पट्टा बांधला. केस नीट केले, कानात मोती घातले, आणि स्वयंपाकघरात फोनसमोर उभी राहिली. बसून मत देणं तिला बरं वाटेना. पुठ्ठ्यावरचे आकडे एकेक करून दाबले. यंत्रातली बाई आधी इंग्रजीत बोलली, मग फ्रेंचमध्ये. या क्रमांकावरून मत नोंदवलं गेलं आहे. आभारी आहोत.

तिला वाटलं, चुकून दुसरं बटण दाबलं. पुन्हा सावकाश दाबले. त्याच बाईने पुन्हा आभार मानले.

ती शेजारी दोमितीलकडे गेली. दोमितील अंगणात चादरी वाळत घालत होती. झेलीने विचारलं, तुझा लागला का गं फोन?

“माझं झालं की,” दोमितील म्हणाली. “नॉर्बेरने सकाळीच उरकलं. मीच म्हटलं त्याला, बाबा रे, तूच दाब, माझी बोटं अशी वाकडी. आमच्या रांगेतल्या सगळ्यांचं त्यानेच केलं. तुझं नाही केलं?”

“माझंही केलं,” झेली म्हणाली.

“मग झालं तर. आणि हा पोशाख कशाला? लग्न आहे का कुणाचं?”

झेलीने चादरीचं दुसरं टोक धरून तिला मदत केली आणि ती चर्चच्या हॉलकडे निघाली.

हॉलमध्ये नॉर्बेरने टेबल मांडलं होतं, त्यावर दोन फोन. टीव्हीसमोर दहाबारा खुर्च्या. अंड्याची सँडविचं ताटात झाकून ठेवलेली होती; ती झेलीनेच काल करून पाठवली होती. मावशीला बघून नॉर्बेर उठला, खुर्ची ओढली, चहा विचारला. ती बसली नाही. तिने हळू आवाजात विचारलं, माझा क्रमांक तू दाबलास का?

तो हसला. म्हणाला, सकाळपासून लाइन लागत नाही, मशीन अडकतंय, म्हातारी माणसं घाबरतात, म्हणून आपण उरकून टाकलं. तुला त्रास नको म्हणून.

“मला विचारलं का नाहीस?”

“मावशी, तुझं काय पहिलं मत आहे का? प्रत्येक अधिवेशनाला होतीस तू. काका मत द्यायचे तिथे तू द्यायचीस. यात विचारायचं काय?”

“मी कधीच मत दिलेलं नाही, नॉर्बेर.”

“असं कसं? मला आठवतंय ना, बिल्ला लावून जायचीस.”

“हिरवा,” झेली म्हणाली. “मी वर बसायचे.”

टीव्हीसमोरची माणसं मागे वळून बघायला लागली तसा त्याने तिला कॉफीच्या भांड्याकडे नेलं. तिथे त्याचा आवाज बदलला. पिकेटच्या माणसांना त्याने शब्द दिला होता, की सेंट ज्युलियनमधला एकही क्रमांक थेरियोला जाणार नाही. नवीन सरकार आलं की रस्ते खात्याची इथली जागा त्याची. मुलीचं कॉलेज आहे, घराचं छत गळतंय, हे मावशीला माहीतच आहे.

“थेरियो तुझ्या माहेरचा. तू त्यालाच दिलं असतंस. खरं सांग, दिलं असतंस की नाही?”

झेली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाणी पडलं तेव्हा हेच तोंड किती रडलं होतं. आपण कुणाला मत देणार होतो, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तो सुटल्यासारखा हसला असता, तिला मिठी मारली असती, म्हणाला असता, मग बिघडलं कुठे?

तिचं गप्प बसणं त्याने होकार धरलं. इकडेतिकडे बघत त्याने खिशातून एक कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

“हे घे. ओनेझीम गोदेचं. बिचारा गेला, याला कुणी हात लावलेला नाही. मी शेवटाला ठेवलं होतं. आत्ता इथून लाव, दे तुझ्या थेरियोला. एकाचं मी निभावून नेईन. फिट्टंफाट. आता तरी रुसू नकोस.”

कार्डावर ओनेझीमचं नाव आणि त्याचा क्रमांक होता. हा ओनेझीम तिच्या वडिलांबरोबर लॉबस्टरला जायचा. त्याच्या घरची भांडी परत द्यायला ती सकाळीच जाऊन आली होती. झेलीने कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पर्सची कडी लावली.

“मावशी, फोन इकडे आहे.”

“दिसतोय मला.”

“नाही लावायचा तर ते परत दे. एकेक क्रमांक मोजून घेणार आहेत ते.”

“ओनेझीमला काय हवं होतं, हे तू त्याला विचारलं होतंस?” ती म्हणाली. “मग त्याचं त्याच्यापाशीच राहू दे.”

ती निघाली. दारापाशी तिला सँडविचं आठवली. परत फिरून तिने ताटावरचं फडकं सारखं केलं, कारण कडा वाळायला लागल्या होत्या. मग गेली. नॉर्बेरने दोनदा हाक मारली. सगळ्यांसमोर मागे धावत जाणं त्याला जमलं नसावं.

घरी येऊन तिने निळा पोशाख उतरवून कपाटात टांगला. लोखंडी चूल पेटवली. आत जाळ धरला तेव्हा कार्ड त्यात टाकलं, भिंतीवरचा पुठ्ठाही टाकला, आणि वर फ्रिको, कोंबडीबटाट्याचं कालवण, चढवलं. एकटीसाठी एवढं मोठं पातेलं कशाला, असं तिच्या मनात आलं, पण शनिवारी नॉर्बेर जेवायला असायचा, म्हणून हाताने सवयीने तेवढेच बटाटे चिरले होते.

संध्याकाळी टीव्हीवर पिकेट हात हलवत होते. त्यांनी मोडक्या फ्रेंचमध्ये आभार मानले, प्रत्येक सभासदाचे, प्रत्येक मताचे. तिने निवडलेला माणूस जिंकला होता. तिने टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने नवा फोन वाजायला लागला. कोण आहे हे तिला माहीत होतं. ती ताट धूत राहिली, आणि वाजायचा थांबला तेव्हा हात पुसून तिने वही उघडली. हवा लिहिली, घडलेलं लिहिलं, आणि खाली घरातलं:

फ्रिको खूप उरलंय, अर्धं दोमितीलकडे दिलं. बटाटे संपत आलेत. सोमवारी एक पोतं सांगायचं.