शिष्यवृत्तीच्या व्हिडिओतली ओढणी

मित्रांनो, आज दुपारी आमच्या वस्तीत, अवधपुरीत, शेजारच्या नाझनीनकडे होते. ती मेकॅनिकलला आहे, एका कंपनीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीवर शिकते. कंपनीची माणसं तिचा व्हिडिओ काढायला आली होती. स्वतः बनवलेल्या पंपाविषयी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं.

"बेटा, दुपट्टा सिर पर ले लो," कॅमेरावाला म्हणाला.

"मैं तो लेती नहीं."

"फिर पता कैसे चलेगा, स्कॉलरशिप किसकी है?"

तिने अब्बूंकडे पाहिलं.

ते हळूच म्हणाले, "ले ले बेटा. अभी दो साल और पढ़ना है."

तिने आईची ओढणी डोक्यावर घेतली. पंपाचं कुणी विचारलंच नाही.

तुमच्या मुलीने तेव्हा तुमच्याकडे पाहिलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?